अंगठा म्हणजे पुरुष, करंगळी म्हणजे बाई: जपानी खुणांची भाषा आणि तिच्या दोन बहिणी

(या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना जसं आलं तसं बहुतेक ठेवलंय, फक्त अडखळणं आणि ‘अं, अं’ काढून टाकलंय.)

आजचा विषय ज्या लोकांबद्दल आहे, त्यांना हा भाग ऐकता येणार नाही. पॉडकास्टवाल्यानं बहिऱ्यांच्या भाषेवर बोलायचं म्हणजे जरा गंमतच आहे. म्हणून यावेळी हा लेखी मजकूर ऑडिओबरोबर एकाच दिवशी टाकतोय, नेहमीसारखा आठवड्यानं नाही.

सुरुवात एका अ‍ॅनिमेपासून करू. ‘कोए नो काताची’, म्हणजे ‘अ सायलेंट व्हॉइस’, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. क्योतो अ‍ॅनिमेशनचा, २०१६ चा. त्यातली शोको ही बहिरी मुलगी. एका प्रसंगात ती शोयाला सांगते, मला तू आवडतोस. पण ती हे खुणांनी सांगत नाही, तोंडानं बोलते. ‘सुकी’ म्हणते, म्हणजे आवडतोस. त्याला ऐकू येतं ‘त्सुकी’, म्हणजे चंद्र. तो वर आकाशात बघतो आणि म्हणतो, हो, छान आहे चंद्र आज.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो नुसता हळवा सीन वाटला होता. नंतर जपानमधल्या बहिऱ्यांच्या शाळांचा इतिहास वाचला आणि तोच सीन वेगळा दिसायला लागला. तोंडानं बोलशील तरच तू खरी बोललीस, असं त्या देशानं तिच्यासारख्या मुलांना कितीतरी पिढ्या सांगितलं होतं. ते पुढे येईलच. आधी एक कोडं.

जपानी, कोरियन आणि चिनी या तीन बोलल्या जाणाऱ्या भाषा. लिपीची आणि शब्दांची देवाणघेवाण पुष्कळ झाली, पण चिनीचं घराणंच वेगळं, आणि जपानी-कोरियनचं रक्ताचं नातं आजवर कुणाला नीट सिद्ध करता आलेलं नाही. टोकियोचा माणूस सोलमध्ये उतरला तर त्याला लोकांचं बोलणं कळत नाही, तैपेईत तर नाहीच नाही. पण टोकियोचा बहिरा माणूस सोल किंवा तैपेईतल्या बहिऱ्यांच्या कट्ट्यावर जाऊन बसला, तर पहिल्याच दिवशी त्याला ओळखीच्या खुणा दिसायला लागतात. सगळं नाही कळत. पण बरंच कळतं. जपानी, कोरियन आणि तैवानी या तीन खुणांच्या भाषा एका घराण्यातल्या आहेत. कान असलेल्यांच्या भाषा परक्या आणि बहिऱ्यांच्या भाषा बहिणी, हे झालं कसं?

त्याआधी एक गैरसमज बाजूला करू. खुणांची भाषा जगभर एकच असते असं पुष्कळांना वाटतं. मलाही वाटायचं. आपल्याकडचं उदाहरण घ्या. वर्गात मुलानं करंगळी वर केली तर बाई काय समजतात? ‘जा, पटकन जाऊन ये.’ आणि कुणी अंगठा नाचवून दाखवला तर तो ठेंगा. जपानमध्ये अंगठा म्हणजे पुरुष आणि करंगळी म्हणजे बाई. ऐकू येणारी जपानी माणसंही करंगळी वर करून ‘त्याची मैत्रीण’ असं सुचवतात. जपानी खुणांच्या भाषेत यावरून सगळा संसार उभा राहतो. अंगठा आणि करंगळी दोन बाजूंनी आणून जवळ टेकवली की लग्न. तीच बोटं एकमेकांपासून लांब गेली की घटस्फोट. करंगळी वर सरकली की मोठी बहीण, खाली आली की धाकटी.

आणि मोठा भाऊ? तो मधलं बोट. हो, तेच बोट, एकटं, ताठ. जपानमधला एखादा बहिरा मुलगा अमेरिकेत जाऊन ‘हा माझा मोठा भाऊ’ म्हणाला तर मार खाईल. पण तैवानमध्ये नाही खाणार, तिथेही भावाला तेच बोट. अंगठा पुरुष आणि करंगळी बाई हेही कोरियात आणि तैवानमध्ये तसंच आहे. हा काही योगायोग नाही. या बोटांमागे शाळा आहेत, जहाजं आहेत आणि एक साम्राज्य आहे.

आता क्योतोला जाऊ. १८६८ साली मेइजी राजवट सुरू झाली, राजधानी टोकियोला गेली आणि हजार वर्षांची राजधानी असलेलं क्योतो एकदम पोरकं झालं. त्या शहरानं हट्टानं शाळा काढायला घेतल्या, गल्लीगल्लीतल्या लोकांच्या वर्गणीतून. अशाच एका प्राथमिक शाळेत फुरुकावा ताशिरो नावाचा शिक्षक होता. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. शेतकऱ्यांच्या पाण्याच्या कामासाठी त्यानं कागदपत्रांत काही लटपट केली आणि तो तुरुंगात गेला. तुरुंगाच्या खिडकीतून त्याला दिसलं, की रस्त्यावरची मुलं एका बहिऱ्या मुलाला छळतायत. गोष्ट किती खरी आणि किती नंतर रंगवलेली, देव जाणे. पण १८७५ च्या सुमाराला तो शेजारपाजारच्या मूठभर बहिऱ्या मुलांना शिकवायला लागला हे खरं, आणि २४ मे १८७८ ला क्योतो मोआइन सुरू झालं हेही खरं. मोआइन म्हणजे आंधळ्यांची आणि मुक्यांची शाळा. जपानमधली ही अशी पहिली शाळा.

‘मुकी’ हा शब्द मी जुन्या नावाचा अर्थ म्हणून वापरला. आपणही ‘मूकबधिर’ सर्रास म्हणतो. ज्याला भाषा आहे तो मुका कसा, हा प्रश्न कुणी बहिऱ्या माणसानं विचारला तर आपल्याकडे उत्तर नाही.

फुरुकावानं लिहायला शिकवलं, ओठ हलवून बोलायलाही शिकवून पाहिलं, आणि हातांच्या खुणा पद्धतशीर लावून घेतल्या. त्यानं वापरलेली साधनं आणि कागदपत्रं टिकून आहेत. २०१८ मध्ये जपान सरकारनं त्या संग्रहाला महत्त्वाच्या सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा दिला. पण ‘फुरुकावानं जपानी खुणांची भाषा शोधली’ असं जे कधीकधी लिहिलेलं दिसतं ते मला पटत नाही. एकट्या शिक्षकानं भाषा बनत नाही. घरात एकटं असलेलं बहिरं मूल आईशी चार-दोन हातवारे करून भागवतं. अशी वीस-तीस मुलं एका छताखाली आली, एकत्र जेवली, भांडली, रात्री वसतिगृहात कंदील विझेपर्यंत कुचाळक्या केल्या, की त्या हातवाऱ्यांची भाषा होते. पुढे शंभर वर्षांनी, १९७० च्या दशकाच्या शेवटी आणि १९८० च्या दशकात, निकाराग्वातल्या शाळांत भाषाशास्त्रज्ञांना हे डोळ्यांसमोर घडताना दिसलं. क्योतोत ते नोंदवायला कुणी नव्हतं, एवढाच फरक.

हा मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण कोड्याचं अर्धं उत्तर यात आहे. बहुतेक बहिरी मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, दहातली नऊ तरी. म्हणजे मराठी जशी तुम्हाला आजीकडून, आईकडून मिळाली तशी खुणांची भाषा घरात मिळत नाही. ती शाळेत मिळते, मोठ्या मुलांकडून. मातृभाषा म्हणण्यापेक्षा तिला वसतिगृहभाषा म्हणायला हवं. त्यामुळे कुठल्या भाषेचं कुणाशी नातं आहे हे शोधायचं असेल तर नकाशावर सीमा बघून उपयोग नाही. कुठल्या शाळेचे मास्तर कुठून आले, ते बघायचं. अमेरिका आणि इंग्लंड दोघांची इंग्रजी, पण अमेरिकन बहिऱ्यांची भाषा फ्रेंच बहिऱ्यांच्या भाषेच्या जवळची. का? तर १८१७ मध्ये अमेरिकेत हार्टफर्डला शाळा निघाली तेव्हा शिकवायला पॅरिसहून लॉराँ क्लेर्क नावाचा बहिरा शिक्षक गेला होता. इंग्लंडहून कुणी गेलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती.

तर जपान. क्योतोनंतर टोकियोत १८८० मध्ये आधी आंधळ्यांसाठी शाळा निघाली आणि लवकरच तिथे बहिरी मुलंही आली. ओसाकात १९०० मध्ये टिकाऊ शाळा सुरू झाली. प्रत्येक शाळेच्या खुणा थोड्या वेगळ्या. आजही ‘नाव’ या शब्दाला दोन खुणा आहेत. पूर्वेकडे, म्हणजे टोकियोच्या बाजूला, तळहातावर अंगठा टेकवतात, कागदावर अंगठा उठवल्यासारखा. पश्चिमेकडे, ओसाका-क्योतोकडे, अंगठा आणि तर्जनीचं गोल करून डाव्या छातीवर ठेवतात, बिल्ला लावल्यासारखं. पुणेरी आणि वऱ्हाडीसारखंच म्हणा ना.

आता या सगळ्यात एक माणूस मला फार विलक्षण वाटतो. इसावा शुजी. १८७० च्या दशकात तो शिक्षणशास्त्र शिकायला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला गेला. त्याचे इंग्रजी उच्चार जमेनात, म्हणून तो एका उच्चारतज्ज्ञाकडे शिकवणीला जायला लागला. त्या तज्ज्ञाचं नाव अलेक्झांडर ग्रॅहम बेल. टेलिफोनवाला. बेलचा मूळ धंदा बहिऱ्यांना बोलायला शिकवणं हाच होता. त्याची आईही बहिरी आणि बायकोही. इसावा आणि त्याचा एक मित्र त्या नव्या यंत्रावर एकमेकांशी जपानीत बोलले, आणि इंग्रजीनंतर टेलिफोनवर बोलली गेलेली पहिली परकी भाषा आमची, असं जपानमध्ये अजून अभिमानानं सांगतात.

इसावा परत आला. पुढे टोकियोच्या आंधळ्या-बहिऱ्यांच्या शाळेचा काही काळ मुख्याध्यापकही झाला. आणि १८९५ मध्ये चीनला हरवून जपाननं तैवान घेतलं, तेव्हा तिथल्या शिक्षण खात्याचा पहिला प्रमुख कोण? तोच. तैवानी मुलांना जपानी बोलायला लावायचं काम त्याच्याकडे होतं. बहिऱ्यांची शाळा त्यानं तिथे काढली नाही. पण बहिऱ्या मुलाला तोंडानं बोलायला लावणं आणि जिंकलेल्या मुलखातल्या मुलाला आपली भाषा बोलायला लावणं, ही दोन कामं एकाच माणसाच्या हातून व्हावीत हे मला नुसता योगायोग म्हणून सोडून देववत नाही. तुम्हाला वाटलं तर सोडा.

तैवानमध्ये बहिऱ्यांसाठी दोन शाळा महत्त्वाच्या. दक्षिणेला ताइनानमध्ये विल्यम कॅम्पबेल नावाच्या मिशनऱ्यानं १८९१ मध्ये आंधळ्यांसाठी शाळा काढली होती. जपानी सरकारच्या काळात, १९१५ मध्ये, तिथे बहिऱ्यांचा विभाग सुरू झाला. उत्तरेला तैपेईत १९१७ मध्ये किमुरा किंगो या जपानी माणसानं शाळा काढली. आता मजा बघा. ताइनानला शिक्षक आले ओसाकाकडून आणि तैपेईला आले टोकियोकडून. त्यामुळे तैवानी खुणांच्या भाषेत आजही दोन बोली मानतात, ताइनानची आणि तैपेईची, आणि त्यांच्यातला फरक बराचसा ओसाका-टोकियोतल्या फरकाची सावली आहे. जपानमधलं पूर्व-पश्चिम भांडण जहाजात बसून तैवानला गेलं आणि तिथे उत्तर-दक्षिण झालं.

कोरियाची कथा थोडी गुंतागुंतीची. तिथे पहिली सुरुवात अमेरिकन मिशनरी डॉक्टर रोझेटा शेरवूड हॉल यांनी केली, १९०९ मध्ये प्याँगयांगला. त्यांचा संबंध होता चीनमधल्या चेफू इथल्या बहिऱ्यांच्या मिशन शाळेशी. म्हणजे गाडी वेगळ्या रुळावरून चालली होती. पण १९१० मध्ये जपाननं कोरिया गिळला आणि १९१३ मध्ये गव्हर्नर-जनरलच्या सरकारनं सोलमध्ये जेसेंगवॉन या संस्थेत आंधळ्या आणि बहिऱ्या मुलांचा विभाग सुरू केला. पैसा सरकारी, शिक्षक जपानी पद्धतीचे, मुलं देशभरातून. तीच शाळा केंद्र बनली आणि तिथल्या वसतिगृहात ज्या खुणा रुजल्या त्या जपानी खुणांच्या नात्यातल्या होत्या. त्याआधी कोरियातल्या बहिऱ्यांना खुणाच नव्हत्या असं नाही. गावोगाव हातवारे असणारच. पण ते कुणी टिपून ठेवले नाहीत, आणि शाळेच्या भाषेनं ते पोटात घेतले.

याच जेसेंगवॉनमध्ये पाक दू-सॉंग नावाचे कोरियन शिक्षक होते. त्यांनी आंधळ्या मुलांसाठी खास कोरियन ब्रेल बनवली आणि १९२६ मध्ये ती जाहीर झाली. आंधळ्या मुलाला कोरियन ऐकू येत होती, त्यामुळे ती त्याची आहे हे सगळ्यांना कळत होतं. एकाच इमारतीत, पलीकडच्या वर्गात, बहिरी मुलं जी भाषा बोलत होती तिला कुणी भाषाच मानत नव्हतं. म्हणून तिच्यावर कुणाचा डोळाही गेला नाही. पुढे जपाननं शाळांतून कोरियन हद्दपार केली, १९४० पासून लोकांना जपानी नावं घ्यायला लावली. १९४५ ला जपान हरलं, आणि कोरियानं बोलीतून, पाट्यांवरून, शाळांतून जपानी शब्द निवडून निवडून फेकायला सुरुवात केली. हातांतल्या खुणा मात्र राहिल्या. त्या कुणाच्या आहेत हे ऐकू येणाऱ्यांना माहीतच नव्हतं, आणि बहिऱ्यांना त्या केव्हाच आपल्या झाल्या होत्या. साम्राज्यानं जोर लावून जी भाषा लादली ती गेली. जिच्याकडे लक्षच दिलं नाही ती टिकली.

तीन बहिणी म्हटलं तरी तिघींचे संसार वेगळे झाले. ‘आभारी आहे’ ही खूण बघा. जपानमध्ये डाव्या हाताच्या पालथ्या पंजावर उजवा हात कडेनं टेकवून वर उचलतात. सुमो पैलवान बक्षिसाचं पाकीट घेताना हात तसाच फिरवतो, त्यावरून ती आली म्हणतात. कोरियात जवळपास तीच खूण, हाताची कड दोनदा टेकवायची. तैवानमध्ये मात्र अंगठा वाकवतात, नमस्कारासाठी मान लववल्यासारखा. ही चिनी पद्धत. १९४९ नंतर चीनमधून लाखो लोक तैवानला आले, त्यांच्यात बहिरेही होते. नानकिंगचे एक बहिरे शिक्षक काओशुंगला आले आणि त्यांनी तिथे शाळा काढली. त्यामुळे तैवानी भाषेत वरून चिनी मुलामा आला.

बोटांची मुळाक्षरं तर तिघींची पूर्ण वेगळी. हा माझा आवडता पुरावा आहे, कारण काय एकत्र आलं आणि काय नंतर घडलं हे त्यातून नेमकं कळतं. जपानी बोटाक्षरं १९३० च्या आसपास ओसाकातल्या ओसोने गेन्सुके या शिक्षकानं अमेरिकेचा दौरा करून आल्यावर तयार केली. त्यातले अ, इ, उ, ए, ओ हे स्वर सरळ अमेरिकन बोटाक्षरांवरून घेतलेत. बाकीची कुठे जपानी अक्षराच्या आकारावरून, कुठे शब्दावरून. ‘की’ला कोल्ह्याचं तोंड करतात, कारण कोल्हा म्हणजे ‘कित्सुने’, त्यातला ‘की’. कोरियन बोटाक्षरं हंगुल लिपीच्या आकारांची नक्कल करतात. तैवानमध्ये बोटाक्षरांची अशी वहिवाट नाहीच, तिथे चिनी चित्राक्षरंच हातांनी करून दाखवतात. (आपल्याकडे भारतात दोन हातांची इंग्रजी बोटाक्षरं चालतात, ती ब्रिटिशांकडून आली. पण भारतीय खुणांची भाषा ब्रिटिश नाही, तिचं सगळ्यात जवळचं नातं सीमेपलीकडे पाकिस्तानातल्या बहिऱ्यांच्या भाषेशी आहे. त्यावर एक वेगळा भाग करायचाय.)

चित्राक्षरांचं आलंच आहे तर जपानी आडनावं सांगतो. ‘सातो’ या आडनावाला जपानी बहिरे साखरेची खूण करतात, कारण साखरही ‘सातो’. ‘सासाकी’ला पाठीवरची तलवार उपसतात, सासाकी कोजिरो या प्रसिद्ध तलवारबाजावरून. ‘कातो’ला भाला खुपसतात, वाघ मारणाऱ्या कातो कियोमासा या सरदारावरून. म्हणजे ऑफिसात नवीन आलेल्या कातोसानची ओळख करून देताना रोज एक वाघ मरतो.

आता शोकोकडे परत येऊ.

१८८० मध्ये इटलीत मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि ठराव झाला, की शाळेत खुणा नकोत, मुलांना ओठ वाचायला आणि तोंडानं बोलायला शिकवा. हा वारा जपानला पोचायला जरा वेळ लागला. बेल स्वतः १८९८ मध्ये जपानला येऊन भाषणं देऊन गेला. पण खरा जोर आला १९२० च्या दशकात. शिगा प्रांतात निशिकावा योशिनोसुके नावाचा एक सधन व्यापारी होता, त्याची मुलगी हामाको बहिरी. त्यानं परदेशी पुस्तकं मागवून तिला घरीच बोलायला शिकवलं आणि ती बोलायला लागली. तो तिला घेऊन देशभर फिरला, लोकांसमोर तिला बोलायला लावलं. बापाची माया खरी होती यात मला शंका नाही. पण ज्या मुलाला सगळा दिवस एकट्यासाठी शिकवणारा बाप नाही, पैसा नाही, त्याचं काय, हे कुणी विचारलं नाही.

विचारलं एकानं. ओसाकाच्या महापालिकेच्या बहिऱ्यांच्या शाळेचे मुख्याध्यापक ताकाहाशी कियोशी. १९३३ मध्ये देशभरच्या मुख्याध्यापकांच्या बैठकीत शिक्षणमंत्री हातोयामा इचिरो यांनी स्वतः तोंडी पद्धतीची तळी उचलली. जपानी मुलांनी जपानी बोललं पाहिजे, असा एकूण सूर. त्या बैठकीत उलट बोलणारे ताकाहाशी जवळपास एकटे होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. ज्याला बोलणं जमतं त्याला बोलायला शिकवा, ज्याला जमत नाही त्याला खुणांनी शिकवा, पण मुलाला पद्धतीच्या मापानं कापू नका. त्यांच्या शाळेत खुणा राहिल्या. बाकी जवळपास सगळीकडे हात पाठीमागे गेले. वर्गात खुणा केल्या तर शिक्षा, आणि मधल्या सुट्टीत, वसतिगृहात, अंघोळीच्या जागी मुलं आपली भाषा बोलायची. मांगा वाचणाऱ्यांनी यामामोतो ओसामुची ताकाहाशींवरची मालिका शोधून वाचा, ‘वागा युबी नो ऑर्केस्तुरा’, म्हणजे ‘माझ्या बोटांचा ऑर्केस्ट्रा’.

हे सगळं शाळेपुरतं नव्हतं. जपानच्या नागरी कायद्यात बहिऱ्या माणसाला अर्धवट सज्ञान ठरवता येत होतं. कर्ज काढायचं, घर घ्यायचं, तर मध्ये पालक म्हणून दुसरा कुणीतरी हवा. हे कलम निघालं १९७९ मध्ये. बहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेला, जी १९४७ मध्ये गुन्मा प्रांतातल्या इकाहो या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी स्थापन झाली, त्यासाठी तीस वर्षं झगडावं लागलं. त्याहून वाईट म्हणजे १९४८ ते १९९६ पर्यंत चाललेला वंशशुद्धीचा कायदा. त्याखाली सुमारे २५,००० लोकांची नसबंदी झाली, त्यातल्या बहुतेकांची संमतीशिवाय. त्यांत बहिरेही होते. ३ जुलै २०२४ ला जपानच्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा मुळातच घटनाबाह्य होता असा निकाल दिला. दाद मागणाऱ्यांत म्हातारी झालेली बहिरी जोडपी होती. आपल्याला मूल का झालं नाही याचं उत्तर मिळायला त्यांचं आयुष्य गेलं.

भाषेच्या बाजूनं वळण आलं १९९५ मध्ये. किमुरा हारुमी या बहिऱ्या बाई आणि इचिदा यासुहिरो हे भाषातज्ज्ञ यांनी एका विचारपत्रिकेत ‘बधिर संस्कृतीचा जाहीरनामा’ छापला. त्यांचं म्हणणं, आम्ही कानानं अधू माणसं नसून एक भाषिक अल्पसंख्याक आहोत, आणि आमची भाषा जपानीपेक्षा वेगळी आहे. यावर बहिऱ्यांमध्येही जोरात वाद झाला. कारण जपानमध्ये दोन गोष्टी शेजारी शेजारी चालतात. एक, जपानी वाक्य जसंच्या तसं शब्दागणिक खुणांत करणं. दुसरी, खरी जपानी खुणांची भाषा, जिचं व्याकरण स्वतःचं, जिथे भुवया वर गेल्या की वाक्य प्रश्न होतं. मोठेपणी ऐकू येणं गेलेल्या माणसाला पहिली सोपी जाते. मग त्याला ‘तू आमचा नाहीस’ म्हणायचं का? तो वाद अजून मिटलेला नाही आणि मला तरी दोन्ही बाजू कळतात.

२००८ मध्ये टोकियोच्या शिनागावात मेइसेइ गाकुएन ही खासगी शाळा सुरू झाली. तिथे शिकवण्याची भाषाच जपानी खुणांची भाषा, आणि जपानी लिहायला-वाचायला. क्योतोनंतर १३० वर्षांनी.

जपानी बेटांवरची सगळी बहिरी माणसं या एका घराण्यात बसतात असंही नाही, हे जाता जाता सांगतो. एहिमे प्रांतात ओशिमा बेटावर मियाकुबो नावाचं मासेमारी करणारं गाव आहे. तिथे बहिऱ्यांची संख्या जास्त होती, त्यामुळे ऐकू येणारे कोळीही खुणा शिकले आणि गावाची स्वतःची भाषा तयार झाली. जपानी खुणांच्या भाषेशी तिचं नातं नाही. ती बोलणारे आता थोडेच उरलेत.

कायद्याचं बघाल तर क्रम उलटा लागलाय. कोरियात खुणांच्या भाषेचा कायदा २०१६ मध्ये लागू झाला, कोरियनच्या बरोबरीची भाषा म्हणून. तैवाननं २०१९ च्या कायद्यानं तैवानी खुणांच्या भाषेला राष्ट्रीय भाषांमध्ये बसवलं. जपानमध्ये तोत्तोरी प्रांतानं २०१३ मध्ये पहिला स्थानिक नियम केला, त्याचं बघून शेकडो गावं-शहरांनी केले, पण देशाचा कायदा व्हायला जून २०२५ उजाडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टोकियोत डेफलिंपिक झालं, जपानमध्ये पहिल्यांदाच. थोरलीकडे हक्क सगळ्यात उशिरा पोचला.

शेवटी एक सिनेमा सुचवतो. हामागुचीचा ‘ड्राइव्ह माय कार’, २०२१ चा, ऑस्करवाला. हिरोशिमात एक दिग्दर्शक चेकॉव्हचं ‘अंकल वान्या’ बसवतो, आणि प्रत्येक नट आपापल्या भाषेत बोलतो. जपानी, मँडरिन, आणखी काय काय. सोन्याचं काम करणारी मुलगी कोरियन खुणांच्या भाषेत बोलते. नाटकाच्या अखेरीस ती वान्याच्या मागे उभी राहते आणि त्याच्या डोळ्यांसमोर हात आणून शेवटचं भाषण करते, मागून मिठीत घेतल्यासारखं. थिएटरात पूर्ण शांतता. मी तो प्रसंग दोनदा पाहिला. पहिल्यांदा खाली सबटायटल वाचत. दुसऱ्यांदा सबटायटल बंद करून, नुसते हात बघत.

हा मजकूर ज्यांना ऐकता येत नाही अशा कुणाला पाठवायचा असेल तर जरूर पाठवा. चुका सापडल्या तर मला लिहा, विशेषतः तुम्ही स्वतः खुणांची भाषा बोलत असाल तर. पुढचा भाग बुधवारी.